इंजिनातील बदल आणि विम्याबाबतचे मौन

दसऱ्याच्या दिवशी गोमंतकातील रस्त्यांवर झेंडूच्या माळेवाचून गाडी क्वचितच दिसते. ट्रकापासून स्कूटरपर्यंत सर्वांना त्या दिवशी गंधफूल वाहिले जाते, नारळ वाढवला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. यंत्राविषयीची ही कृतज्ञबुद्धी आम्हांला मनापासून आवडते. तिची थट्टा करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु ज्या गाडीची अशी यथासांग पूजा होते, तिच्याच कप्प्यात चौघडी करून ठेवलेले विमापत्र वर्षातून एकदा तरी उघडून वाचणारा मालक विरळा. त्या पत्रात वर्णन केलेली गाडी आणि दाराशी उभी असलेली गाडी या दोन्ही एकच आहेत की नाहीत, असा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. आज अनेक घरांपुढे उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाहीत’ असे द्यावे लागेल.

गाडीच्या इंजिनात फेरफार करण्याची हौस काही नवी नाही. पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांत मोठी तफावत होती त्या काळी जीप आणि अँबॅसिडर गाड्यांतील पेट्रोलचे इंजिन काढून तेथे डिझेलचे इंजिन बसवून देण्याचा धंदा देशभर चालत असे. त्यामागे हौस नव्हती, काटकसर होती. आजचे फेरफार दोन्ही कारणांनी होतात. कोणी खर्च वाचावा म्हणून गाडीला सीएनजीचा संच बसवून घेतो. कोणाचे इंजिन पावसाळ्यात पाणी शिरून निकामी होते आणि नव्याची किंमत ऐकून तो बाहेरून आणलेले जुने इंजिन बसवतो. कोणी तरुण बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून मध्यरात्री अख्खा वाडा जागा करणारी नळी लावतो, कोणी सिलिंडरचा बोअर वाढवून मोठा पिस्टन घालतो. अलीकडे आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, टर्बोचा दाब कोठवर चढू द्यायचा हे सारे ईसीयू नावाचा एक लहानसा संगणक ठरवीत असतो. लॅपटॉप जोडून त्यातील आकडे बदलले की गाडीच्या अंगावर एक ओरखडाही न उमटता तिची ताकद वाढते. घरच्या वडीलधाऱ्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पण ब्रेकला तो लागतो. कारखान्याने गाडीचे ब्रेक, क्लच, गिअरपेटी, टायर आणि इंजिन थंड ठेवण्याची यंत्रणा ही सारी मूळ ताकदीच्या मापाने योजलेली असते. ताकद वाढवणारा मनुष्य यांतील एकच गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. धोका त्या विसंगतीत आहे. विमा कंपनीला या फेरफारांत रस असतो तो नेमका याच कारणाने.

विमा कंपनी धोक्याची किंमत करते आणि ती किंमत गाडीच्या वर्णनावरून ठरते. आपल्या देशात थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे परक्या माणसाला होणाऱ्या इजेच्या विम्याचा, हप्ता इंजिनाच्या घनक्षमतेवर आधारलेला आहे. दुचाकींसाठी ७५, १५० आणि ३५० घनसेंटिमीटर अशा पायऱ्या आहेत. २०२२ साली ठरवलेल्या दरांनुसार १५० ते ३५० या पायरीवरील दुचाकीस वर्षाला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वरील दुचाकीस २,८०४ रुपये पडतात. आता आपल्याकडील लोकप्रिय बुलेटचे इंजिन ३४९ घनसेंटिमीटरचे आहे, म्हणजे पायरीच्या अगदी काठावर उभे आहे. त्याचा बोअर थोडा जरी वाढवला तरी ती गाडी वरच्या पायरीवर जाते, आणि मालक मात्र खालच्या पायरीचाच हप्ता भरीत राहतो. वर्षाला चौदाशे अडतीस रुपयांची ही बचत पुढे किती महाग पडू शकते, ते ओघाने येईलच.

तत्पूर्वी कायद्याकडे वळणे आवश्यक आहे. कारण विमा कंपनीला कळवले म्हणजे सारे शुद्ध झाले, अशी एक समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती चुकीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम याबाबत स्पष्ट आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २००० सालच्या दुरुस्तीने हे कलम अधिक कडक झाले आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार चालणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी कायद्यात घातलेल्या १८२-अ या कलमाने अनुमती नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

याचा अर्थ इंजिनाला हात लावणेच निषिद्ध आहे असा मात्र नव्हे. वेगळ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त संच बसवण्यास तेच कलम वाट करून देते. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. संच मंजूर नमुन्याचा असावा, अधिकृत केंद्रात बसवलेला असावा आणि नोंदणी पुस्तिकेत इंधनाचा प्रकार बदलून घेतलेला असावा, इतकेच. इंजिन बदलले तर त्याचीही नोंद वाहतूक कार्यालयात करून घेता येते. ईसीयूतील आकडे बदलणे या व्याख्येत नेमके कोठे बसते यावर वकील मंडळी वाद घालू शकतील, कारण कायद्याने फेरफार या शब्दाचा अर्थ गाडीच्या रचनेतील मूलभूत बदल असा केला आहे. पण धूर तपासणीची मर्यादा ओलांडणारी किंवा धूर शुद्ध करणारे यंत्रच काढून टाकलेली गाडी कोणत्याही व्याख्येच्या आडोशाला उभी राहू शकत नाही. अशा गाडीच्या मालकाने विमा कंपनीस पत्र लिहिण्याऐवजी गॅरेजवाल्याकडे जाऊन मूळ भाग परत बसवून घ्यावेत, एवढेच आमचे त्याला सांगणे आहे. जे कायदेशीर करता येत नाही ते कळवूनही कायदेशीर होत नाही.

मग कळवायचे कोणी? ज्याचा बदल कायद्यात बसतो त्याने. आणि हाच वर्ग सर्वांत मोठा असूनही सर्वांत बेफिकीर आहे, हे आमचे निरीक्षण आहे. सीएनजीचा संच बसवणारा गृहस्थ वाहतूक कार्यालयात खेपा घालून नोंद करून घेतो, कारण नोंदीवाचून पंपावर अडवणूक होईल अशी त्याला धास्ती असते. विमा कंपनीला मात्र तो विसरतो, कारण तेथे त्या क्षणी काहीच अडत नाही. वास्तविक २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात या संचासाठी वेगळी तरतूद करून ठेवली होती. संचाच्या किमतीवर चार टक्के जादा हप्ता आणि थर्ड पार्टीसाठी वर साठ रुपये. पन्नास हजारांच्या संचास वर्षाला दोन हजार साठ रुपये झाले. पुढे २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवण्यास कंपन्यांना मोकळीक मिळाली, त्यामुळे आज हा आकडा कंपनीगणिक निराळा असू शकतो. परंतु संचाची किंमत स्वतंत्र जाहीर करावी आणि विमापत्रावर तसे पृष्ठांकन करून घ्यावे ही पद्धत कायम आहे. ज्याने जाहीर केले नाही त्याचा संच विम्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. उद्या आग लागून गाडी जळाली तर गाडीची भरपाई मागताना तो न दिसणारा संचच आधी पुढे उभा राहतो, आणि आग त्याच्यामुळे लागली नाही हे पटवून देता देता मालकाच्या नाकी नऊ येतात.

कळवल्याने हप्ता वाढतोच असेही नाही. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून खास बदल केलेल्या आणि तशी नोंद असलेल्या गाडीला त्याच दरपत्रकाने स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट दिली होती. ही सवलत ठाऊक नसल्याने पूर्ण हप्ता भरणारी माणसे आमच्या परिचयात आहेत.

जुने इंजिन बसवणाऱ्यांची कथा याहून करुण आहे. विम्याचा दावा आला की कंपनीचा सर्व्हेअर सर्वांत आधी दोन आकडे पाहतो: चासीचा क्रमांक आणि इंजिनचा क्रमांक. नोंदणी पुस्तिकेतील, विमापत्रातील आणि गाडीवरील क्रमांक जुळले तर तो पुढचे पाहतो. इंजिनचा क्रमांक जुळला नाही तर तो पुढचे पाहण्याच्या आधी पेन खाली ठेवतो. ते इंजिन कोठून आले, चोरीच्या गाडीतील तर नव्हे, हा संशय तो घेणारच, आणि तो घेणे हे त्याचे काम आहे. ज्या मालकाने गॅरेजवाल्याच्या शब्दावर विश्वासून पावतीसुद्धा घेतली नाही, त्याच्याजवळ या संशयाला उत्तर नसते. ओढाळ पावसात भिजलेली गाडी लवकर सुरू व्हावी एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती. वस्तुतः नोंद न झालेला बदल चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावा, असे त्या ५२ व्या कलमातच म्हटले आहे. पण चौदा दिवसांत गॅरेजचे बिल विसरले जाते, तेथे कायदा कोण आठवणार?

आता दुसऱ्या बाजूस असलेल्या माणसाचा विचार करू. समजा, फोंड्याहून पणजीकडे येणाऱ्या अशा एखाद्या ताकद वाढवलेल्या गाडीने रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एका मजुराला धडक दिली आणि तो दगावला. त्याच्या बायकामुलांना गाडीच्या इंजिनात काय होते याच्याशी कर्तव्य नाही, आणि असूही नये. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो याच माणसांसाठी. त्यामुळे न्यायाधिकरणे अनेक प्रकरणांत एक मधला मार्ग काढतात: विमा कंपनीने भरपाई आधी वारसांना द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी. कायद्यात विमा कंपनीला काही बचाव दिलेले आहेत. महत्त्वाची गोष्ट दडवून विमापत्र मिळवले हा त्यांतील एक. अर्थात कंपनीला हा बचाव नुसता उच्चारून चालत नाही. चालकाच्या परवान्याविषयीच्या एका गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असे म्हटले होते की, अटीचा भंग झाला एवढे पुरेसे नाही. तो भंग मालकाच्या दोषाने झाला आणि अपघाताच्या कारणाशी त्याचा संबंध होता, हेही कंपनीने दाखवले पाहिजे. हौसेने वाढवलेल्या ताकदीच्या बाबतीत हा संबंध दाखवणे कंपनीला जड जाईल असे आम्हांला वाटत नाही. गाडी थांबू शकली नाही, आणि ती का थांबू शकली नाही याचा पुरावा तिच्याच पोटात आहे.

तेव्हा मजुराच्या विधवेला पैसे मिळतील, पण काही काळाने त्या रकमेची वसुलीची नोटीस गाडीमालकाच्या दारी येईल. मरण पावलेला माणूस तरुण आणि कमावता असेल तर ही रक्कम सहज लाखांच्या घरात जाते. ती भरण्यासाठी घर, बागायत, बायकोचे दागिने यांकडे पाहावे लागते. आणि गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते, फेरफार मुलाने केलेला असतो. वडिलांना ईसीयू हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो न्यायाधिकरणासमोर. चौदाशे अडतीस रुपयांच्या बचतीचा हिशेब येथे पुरा होतो.

इतके लिहून झाल्यावर सारा दोष गाडीमालकाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. तसे करणे न्यायाचे होणार नाही. विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार आहे, विमा उतरवणाऱ्याने ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आपण होऊन सांगितली पाहिजे, हे तत्त्व विमा कंपन्या नेहमी ऐकवतात. ते तत्त्व इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशाने १७६६ सालच्या एका निकालात मांडले. त्या प्रकरणात सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याचा विमा उतरवला होता, फ्रेंचांनी तो किल्ला घेतला आणि किल्ल्याच्या गव्हर्नराने त्याचा दुबळेपणा दडवला असा विमा देणाऱ्याचा आक्षेप होता. कंपन्यांच्या कायदे सल्लागारांना हा निकाल मुखोद्गत असतो. पण त्या खटल्यात जिंकला तो विमा उतरवणारा, ही गोष्ट ते क्वचितच सांगतात. जे विमा देणाऱ्याला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, ते सांगितले नाही म्हणून त्याला तक्रार करता येणार नाही, आणि सद्भाव दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आरोग्य विम्याच्या एका प्रकरणात याच सुरात सांगितले की, प्रस्ताव पत्रकातील रकाना कोरा असताना कंपनीने हप्ता घेतला आणि विमापत्र दिले, तर मागाहून माहिती दडवली अशी तक्रार तिला करता येणार नाही.

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. गेल्या वेळी आमच्या गाडीच्या विम्याचे नूतनीकरण दूरध्वनीवर झाले. पलीकडच्या मुलाने गाडीचा क्रमांक विचारला, मागील वर्षी दावा केला होता का ते विचारले, पैसे कसे भरणार ते विचारले. गाडीच्या इंजिनात काही बदल केला आहे का, हे त्याने विचारले नाही. आम्ही आपण होऊन तसा प्रश्न काढला तेव्हा तो क्षणभर गोंधळला आणि ‘त्याची काही गरज नाही, सर’ म्हणाला. पुढे वर्षानुवर्षे चालत आलेले प्रस्ताव पत्रक मागवून वाचले. त्यात पेट्रोलची टाकी फायबर ग्लासची आहे का, गाडी पुराणवस्तू या सदरात मोडते का, असे प्रश्न होते. फायबर ग्लासची टाकी असलेली गाडी या प्रदेशात शेवटची कधी दिसली, हे आम्हांला आठवत नाही. ईसीयूविषयी किंवा बोअरविषयी एक ओळही नव्हती. पत्रक इंग्रजीत होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यात भर पडली ती दीर्घ मुदतीच्या विम्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. विम्यावाचून हिंडणाऱ्या दुचाकींना आळा घालण्यासाठी हे उत्तमच झाले. परंतु शोरूममधून निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात ज्या मुलाने इंजिनात हात घातला, त्याला पाच वर्षे कोणी काही विचारतच नाही. सरकारी तपासणीचेही तेच. टॅक्सी, ट्रक, आपल्या पायलटांच्या पिवळ्या-काळ्या मोटारसायकली यांना ठरावीक मुदतीने पासिंगसाठी जावे लागते, आणि म्हणूनच पायलटाची मोटारसायकल बहुधा मूळ रूपातच आढळते. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. तोवर तिच्या इंजिनाकडे डोळसपणे पाहणारा एकमेव मनुष्य तिचा मेकॅनिक, आणि फेरफार करून देणारा बहुधा तोच.

ही कोंडी फुटायची तर विमा कंपन्यांनी नूतनीकरणाच्या वेळी एक साधा प्रश्न मराठीत आणि कोंकणीत विचारला पाहिजे: मूळ इंजिन, इंधन, सायलेन्सर किंवा ईसीयू यांत काही बदल केला आहे काय? उत्तर लिहून घेतले पाहिजे आणि त्याची प्रत ग्राहकास दिली पाहिजे. वाहतूक संचालनालयानेही सीएनजीच्या किंवा बदललेल्या इंजिनाच्या नोंदीबरोबर, विमा कंपनीस कळवा, असे दोन ओळींचे पत्रक हाती द्यावे. त्यास खर्च कागदाचाच.

तोवर मालकाने वाट पाहण्याचे कारण नाही. बदल करण्याच्या आधीच कंपनीच्या शाखेस लेखी कळवावे, दूरध्वनीवर विसंबू नये. पत्रात विमापत्राचा क्रमांक, गाडीचा नोंदणी क्रमांक, बदल कोणता, कोणत्या केंद्रात करणार, किंमत किती हे लिहावे. नोंदणी पुस्तिकेत नोंद झाल्यावर तिची प्रत आणि गॅरेजची पावती पाठवावी. कंपनी जादा हप्ता मागेल, अट घालील किंवा नकार देईल. काहीही असो, तिचे उत्तर लेखी घ्यावे. पृष्ठांकन हाती येईपर्यंत विमापत्र जुन्याच गाडीचे आहे असे समजावे. दावा अन्यायाने नाकारला गेलाच, तर गोमंतकासाठी विमा लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे आणि तेथे तक्रारीस शुल्क नाही; पण लोकपालही आधी हेच विचारील की, कंपनीला कधी कळवले होते, आणि त्याची पोच कोठे आहे.